ऐंशीवर थांबलेला लॅपटॉप

२० मे २०२४, सोमवार. ज्यांचा जीएसटीशी संबंध नाही त्यांना या तारखेत काही विशेष वाटणार नाही. मी अकोल्यात कर सल्लागार आहे. आमच्या धंद्यात दर महिन्याची वीस तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. गिऱ्हाईक आकडे आणून देतं एकोणीसच्या रात्री, तेही व्हॉट्सअॅपवर, वहीच्या पानाचा तिरपा फोटो काढून. त्या सोमवारी संध्याकाळी सात रिटर्न्स बाकी होती आणि आठच्या सुमाराला लाईट गेली.

मे महिन्यात आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नव्हे. त्याच आठवड्यात, २५ तारखेला, उष्म्यापायी जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश निघाला होता, यावरून उन्हाची कल्पना यावी. इन्व्हर्टर होता, त्याने वीस मिनिटं साथ दिली आणि कुईं करून मान टाकली. मी घाबरलो नाही. लॅपटॉपवर ३४ टक्के दिसत होते. मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं, घामाने ओला झालेला हात लुंगीला पुसला आणि कामाला लागलो. चौथ्या रिटर्नचा कर वळता केला, मोबाइलवर ओटीपी आला, सहापैकी चार आकडे टाकले आणि पडदा काळा झाला. ‘बॅटरी कमी आहे’ एवढंही न सांगता.

लाईट पावणेअकराला आली. बाराच्या आत सगळी रिटर्न्स गेली, रोजच्या पन्नास रुपयांची लेट फी कुणालाच लागली नाही. पण ३४ टक्के शिल्लक दाखवून बुडालेली बँक बघितल्यासारखं वाटत राहिलं. रात्री झोप लागली नाही ती उकाड्याने की रागाने, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सल्ल्यांचा पाऊस. शेजारचे म्हणाले, लॅपटॉप जुना झाला, विकून टाका. जुलै २०२१ मध्ये घेतलेला, अजून तीन वर्षंही झाली नव्हती. आयकराच्या हिशेबात संगणकावर दर वर्षी लेखी किमतीच्या ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळतो, त्यामुळे माझ्या वहीत त्याची किंमत पार तळाला गेली होती हे खरं, पण वहीतला लॅपटॉप वेगळा आणि टेबलावरचा वेगळा. बाबा म्हणाले, “बॅटरीले पाणी टाकत नसशील.” बाबांचा हात इन्व्हर्टरवर बसलेला आहे, त्यांच्या दृष्टीने बॅटरी म्हणजे पाणी. मग पुण्याला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, आधी रिपोर्ट काढा, मग बोलू. विंडोजमध्येच असतो, काही डाउनलोड करायचं नाही.”

हे मला माहीतच नव्हतं. रोज दहा तास ज्या यंत्रासमोर बसतो, त्याच्या पोटात त्याच्या बॅटरीचं खातं लिहिलं जातंय आणि मी हिशेबनीस असून ते कधी उघडलं नाही. कृती सोपी आहे. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाकायची, काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत पॉवर लिहून त्याला चिकटवून सी, एफ, जी. मग एक जागा सोडायची. मग तिरकी रेघ (/) आणि तिला लागूनच बॅटरीरिपोर्ट, मधे फट न ठेवता. एंटर दाबलं की फाइल कुठे ठेवली त्याचा पत्ता खाली उमटतो. ती ब्राउझरमध्ये उघडते. मी पहिल्यांदा तिरकी रेघ उलटी टाकली आणि भाच्याला पुन्हा फोन केला, हेही कबूल करतो.

रिपोर्ट उघडला. वरती लॅपटॉपची माहिती, खाली ‘इन्स्टॉल्ड बॅटरीज’. त्यात दोन ओळींवर नजर थांबली. डिझाइन कपॅसिटी ४१,०४०. फुल चार्ज कपॅसिटी २४,८९०. एकक मिलीवॅट-अवर. म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत जेवढी वीज मावायची, त्यातली आता साठच टक्के मावत होती. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे शंभर टक्के हे या २४,८९० चे शंभर. भांडं आक्रसलंय आणि आपण ते काठोकाठ भरलंय म्हणून खूश. इतकी वर्षं मी ‘शंभर टक्के चार्ज’ वाचून निश्चिंत व्हायचो, ते किती पोकळ होतं हे तेव्हा कळलं.

तिसरी ओळ सायकल काउंट, १६३. काही लॅपटॉपमध्ये इथे नुसती आडवी रेघ असते, माझ्यात आकडा होता. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वीज वापरणं; आज चाळीस आणि उद्या साठ वापरली तरी सायकल एकच. अॅपल आपल्या हल्लीच्या मॅकबुकांना हजार सायकलींची मर्यादा सांगतं, तिथपर्यंत मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत टिकावी असं गृहीत धरून. इथे नुसत्या १६३ सायकलींत साठ. म्हणजे बॅटरी वापरून झिजलेली नव्हती. मग कशाने?

त्याचं उत्तर त्याच रिपोर्टात खाली होतं. ‘यूसेज हिस्टरी’मध्ये आठवड्याआठवड्याचे तास: बॅटरीवर किती आणि चार्जर लावून किती. माझ्या ओळी वाचताना लाज वाटली. बॅटरीवर दोन-अडीच तास, चार्जरवर सत्तर, बाहत्तर, अडुसष्ट. त्याच्या खाली ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’, लॅपटॉप घेतल्यापासूनची. ती मी प्रिंट काढून लाल पेनाने तपासली, ताळेबंद तपासतो तशी. दिवाळी ते संक्रांत आकडे जवळपास हलत नव्हते. मार्चपासून उतरायला लागायचे आणि एप्रिल-मेमध्ये पायरी तुटल्यासारखे खाली यायचे. २०२२ चा मे, २०२३ चा मे, २०२४ चा मे, तिन्ही वर्षं तेच. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी. दुपारी दोननंतर ऊन थेट लॅपटॉपवर. रात्री काम पलंगावर, लॅपटॉप गोदडीवर, म्हणजे खालची जाळी बंद. आणि चार्जर? तो मी काढतच नव्हतो.

का काढत नव्हतो, हे सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. आमच्या घरात बॅटरीबद्दलचं सगळं ज्ञान दुसऱ्याच बॅटऱ्यांकडून आलेलं. इन्व्हर्टरची आणि स्कूटरची बॅटरी शिशाची. ती भरलेलीच ठेवावी लागते, उतरलेली पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट चढतं आणि ती मरते. बाबांनी लहानपणापासून हेच शिकवलं. म्हणून लॅपटॉप कायम शंभरावर. दुसरं ज्ञान पहिल्या मोबाइलचं, नोकिया ३३१०. त्याची बॅटरी निकेलची. दुकानदाराने सांगितलं होतं, पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण चार्ज करा, नाहीतर तिला सवय लागते. निकेलच्या बाबतीत त्या सांगण्याला आधार होता. म्हणून मी दर रविवारी लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम शून्यावर आणायचो, देवपूजेसारखी. १६३ पैकी शंभरेक सायकली तर या रविवारच्या व्रताच्याच असतील.

लॅपटॉपची बॅटरी असते लिथियम-आयनची, आणि तिला यातलं दोन्ही मानवत नाही. तिला निकेलसारखी आठवण नसते, त्यामुळे मधेच चार्ज केलं तर काही बिघडत नाही. उलट वारंवार तळ गाठणं तिला बाधतं. आणि काठोकाठ भरून ठेवणं तर अजून वाईट. माझ्या बॅटरीवर ११.४ व्होल्ट लिहिलंय, म्हणजे आत तीन सेल एकामागे एक जोडलेले, प्रत्येकी सरासरी ३.८ चा. पूर्ण भरला की असा सेल ४.३५ पर्यंत चढतो. त्या उंचीवर आतलं द्रावण हळूहळू विघटित व्हायला लागतं, पट्ट्यांवर थर चढतो, लिथियम त्या थरात अडकून पडतं आणि पुन्हा कामाला येत नाही. बुडीत कर्जासारखं: खात्यावर दिसतं, हातात येत नाही. उष्णता वाढली की हे सगळं वेगाने होतं. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक तक्ता आहे. २५ अंशांत ४० टक्के भरून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची ९६ टक्के क्षमता उरते. तीच ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर ६५. नुसती ठेवून, न वापरता. तो तक्ता वाचल्यावर मी खिडकीकडे बघितलं. टेबल त्याच दिवशी उत्तरेच्या भिंतीला नेलं.

पण ३४ वर बंद का पडला? हा प्रश्न सुटला नव्हता. त्याचं उत्तर मला माझ्याच भाषेत सापडलं. बॅटरीत एक चिप असते. ती आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजत राहते, रोजमेळ लिहिल्यासारखी. सकाळची शिल्लक, आलेली रक्कम, गेलेली रक्कम, संध्याकाळची शिल्लक. पण गल्ला उघडून रोकड कधी मोजलीच नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत वही एक सांगते आणि गल्ला दुसरंच. माझी बॅटरी कायम चार्जरवर, त्यामुळे चिपला तळ पाहायची संधी फक्त रविवारी, आणि हिवाळ्यापासून माझं रविवारचं व्रतही मोडलं होतं. वहीत ३४ होते, गल्ल्यात तेवढे नव्हते. त्यात म्हातारी बॅटरी आतून अडखळते: जोराचं काम आलं की व्होल्ट एकदम कोसळतात आणि तीन सेलपैकी सर्वांत दुबळा आधी पाय टेकतो. एकाने पाय टेकले की सुरक्षा सर्किट तिघांनाही बंद करतं.

गल्ला मोजायच्या या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. पूर्ण चार्ज करायचं, दोन तास तसंच ठेवायचं, मग चार्जर काढून वापरत वापरत आपोआप बंद पडू द्यायचं, पाच-सहा तास थांबायचं आणि मग एका दमात पुन्हा शंभरापर्यंत. स्क्रीन झोपू नये अशी सेटिंग करून मी एक जुना कीर्तनाचा व्हिडिओ लावून ठेवला. पहिल्या खेपेला २९ वर बंद पडला. दुसऱ्या खेपेला शहाण्यासारखा ७ पर्यंत उतरला आणि सगळं जपून ठेवून झोपला. मी मोठ्या उत्साहाने रिपोर्ट काढला. फुल चार्ज कपॅसिटी २४,८९० वरून २१,३१०!

भाच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, “मामा, बॅटरी तेवढीच आहे. आधीचा आकडा खोटा होता, हा खरा.” बरोबर होतं त्याचं. रोकड मोजल्याने रोकड वाढत नसते. पण साठाचे बावन्न टक्के झालेले पाहून जीव कळवळतोच.

एक सांगून ठेवतो. पुढे जे कळलं ते आधी माहीत असतं, तर हा शून्यावर आणायचा उपद्व्याप मी केलाच नसता.

झालं असं की पंखा फार घुरघुरायला लागला म्हणून जठारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे साफसफाईला लॅपटॉप नेला. बाविशीचा मुलगा. त्याने लॅपटॉप हातात घेतला, टचपॅड दोनदा दाबून पाहिला आणि विचारलं, “काका, हे कवापासून दबत नाही?”

मी म्हटलं, असेल होळीपासून. मला वाटलं कचरा गेला असेल.

“तवाच आणाले पायजे होतं ना जी.”

त्याने लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवला. चारी कोपऱ्यांनी बसायला हवा, तो एका कोपऱ्यावर किंचित डुलला. रोज बघत होतो, मला कधी दिसलं नाही. मग खालचे दहा स्क्रू काढले, प्लॅस्टिकच्या पट्टीने कड सोडवली. झाकण निघताना त्याचं त्यानेच वर आलं. आत बॅटरीच्या तीन चपट्या काळ्या पाकिटांपैकी मधलं टम्म फुगलेलं, तळणातल्या पुरीसारखं. बाकीची दोन चपटी. फुगलेल्या पाकिटाचं पातळ आवरण ताणून चकचकीत झालं होतं आणि तेच वर टचपॅडला ढकलत होतं. म्हणजे तीन महिने मी बोटाने जे दाबत होतो, ते खरं तर वायूने भरलेलं पाकीट होतं. ओटीपीचे आकडेसुद्धा त्याच पाकिटाच्या डोक्यावर बसून टाकत होतो. पोटात गोळा आला.

मुलगा मात्र निवांत. “फुगेल आहे. आता हिले चार्ज नका करू, टोचू नका, दाबू नका. सरळ बदलायची.” असं म्हणत त्याने कनेक्टर सोडवला, त्याच्या टोकावर चिकटपट्टी लावली, बॅटरी अलगद उचलली आणि वाळूने अर्ध्या भरलेल्या गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. अशा सहा-सात बॅटऱ्या त्या डब्यात आधीच होत्या. मी विचारलं, याचं पुढे काय? म्हणाला, ई-कचरेवाला महिन्यातून एकदा येऊन नेतो. घंटागाडीत टाकायची नाही, हे बरेच जण विसरतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण फुगलेली लिथियम बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात गेली आणि गाडीच्या दाबयंत्राखाली चिरडली तर आग लागायला उत्पादकाची वाट पाहावी लागत नाही.

पंखाही साफ झाला. जाळीवर धुळीचा आणि तंतूंचा नमद्यासारखा थर होता, त्याने तो चिमट्याने अखंड ओढून काढला. कापसाच्या गावात राहिल्याची खूण म्हणायची.

बॅटरीचे दोन पर्याय होते. एक दीड हजाराची, लगेच. एक कंपनीची, ३,६५० रुपये, पाच दिवस थांबून. मी हिशेबनीस असलो तरी चिक्कू आहे. म्हटलं, स्वस्तातली आधी लावून दाखव. लावली, तिथेच रिपोर्ट काढला. डिझाइन कपॅसिटी ४१,०४०. फुल चार्ज कपॅसिटी ४१,०४०. शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पहिल्याच फटक्यात पैशापर्यंत जुळल्या की मला घाम फुटतो. चार्जर काढून तिथेच अर्धा तास काम करत बसलो, त्याच्या दुकानातल्या पंख्याखाली, त्याच्या चहावर. अर्ध्या तासात ३८ टक्के गेले. तेवढंच काम माझ्या म्हाताऱ्या बॅटरीवर केलं असतं तरी फार वेगळं झालं नसतं. चिपला जे बोलायला शिकवलं ते ती बोलत होती. मुलगा हसला, “काका, तुम्हीच पहिले, जे इथं बसून पाहून राह्यले.” पाच दिवस थांबलो. नवी आली तिचा पहिला आकडा ४१,८७०, छापलेल्यापेक्षा थोडा वरच. नव्या बॅटरीत असं पुष्कळदा होतं.

आता खरं काम सुरू झालं, ही नवी टिकवायचं. त्यातलं सगळ्यात मोलाचं पाऊल पाच मिनिटांचं होतं: चार्जिंगला ऐंशीची मर्यादा घालणं. माझ्या लॅपटॉपचं नाव घेत नाही, त्याचा दोष नव्हताच. पण ही सोय बहुतेकांत असते आणि प्रत्येकाने तिला वेगळं नाव दिलंय, म्हणून ती सापडत नाही. लेनोव्होत व्हँटेज नावाच्या अॅपमध्ये कन्झर्व्हेशन मोड. आसूसमध्ये मायआसूस, तिथे बॅटरीच्या पानावर. डेलमध्ये चार्जिंग कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं हे दोन्ही आकडे स्वतः टाकता येतात. एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बॅटरी हेल्थ मॅनेजर या नावाने लपलेली असते. मॅकबुकमध्ये ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग आपणहून चालू असतं. जुन्या लॅपटॉपमध्ये काहीच नसेल, तर ऐंशीला आलं की हाताने चार्जर काढायचा, दुसरा इलाज नाही. मर्यादा लागली की चार्जर दिवसभर लावून ठेवला तरी चालतो: वीज थेट लॅपटॉपला जाते आणि बॅटरी आपली ऐंशीवर पडून राहते.

ऐंशीच का, असं बायकोने विचारलं. साठही चालते, खरं तर घरीच टेबलावर काम असेल तर साठ अजून चांगली. पण आमच्याकडची लाईट लक्षात घेता साठावर माझं मन धजावलं नाही. दर महिन्याच्या एकोणीसला रात्री मर्यादा काढतो, वीसला सकाळी शंभर घेऊन बसतो आणि रिटर्न्स संपली की पुन्हा ऐंशी. दिवस-दोन दिवस शंभरावर राहिल्याने काही बिघडत नाही; बिघडतं ते तीन वर्षं शंभरावर ठेवून उन्हात भाजल्याने.

उन्हाचं काय केलं? टेबल हललं. गोदडीवरचं काम बंद, त्याऐवजी बायकोने पोळपाटाची कल्पना काढली, पण तो डुगडुगतो म्हणून शेवटी मुलीच्या जुन्या शाळेच्या दिवसांतला चित्रकलेचा बोर्ड घेतला. मेमध्ये दुपारी एक ते चार लॅपटॉप बंद. कूलर समोरून लावत नाही, दमट हवा आत जाते असं तो मुलगा म्हणाला होता. गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवून बाजार समितीत जाणं पूर्ण बंद केलं. उभ्या गाडीत मेच्या दुपारी काय तापमान होतं ते हँडलला हात लावला की कळतं. दिवाळीला तीन आठवडे पुण्याला गेलो, तेव्हा साठ टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करून कपाटात ठेवला. परत आलो तेव्हा सत्तावन्न होते.

बाकी जे लोक सांगतात, ब्राइटनेस कमी करा, ब्राउझरचे टॅब बंद करा, बॅटरी सेव्हर लावा, ते एका चार्जमध्ये जास्त वेळ मिळण्यासाठी. उपयोगी आहे, पण त्याचा आणि बॅटरीच्या आयुष्याचा संबंध थोडाच, तोही उष्णता कमी होते तेवढ्यापुरता. मी दोन्हींची गल्लत बरीच वर्षं केली.

पहिले दोन महिने मी रोज रिपोर्ट काढायचो. आकडा कधी चाळीसने खाली, कधी साठने वर. खाली गेला की दिवस खराब. शेवटी बायको म्हणाली, “अहो, बाबांचं बीपीसुद्धा आपण आठवड्यातून एकदा मोजतो.” तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला एकदा, वहीत नोंद. जुलै २०२४ ला ४१,८१०. ऑक्टोबरला ४१,३९०. जानेवारीत ४१,२६०. मेच्या सुरुवातीला ४०,३२०. उन्हाळा संपता संपता ४०,११० वर स्थिरावला. वर्षात साडेचार टक्क्यांच्याही आत घट. जुन्या बॅटरीने पहिल्याच वर्षात ४१,०४० वरून ३५,६०० केले होते, ती ओळ मी प्रिंटमध्ये लाल करून ठेवली आहे.

२० मे २०२५ ला पुन्हा तेच नाटक. मंगळवार, पाच रिटर्न्स बाकी, साडेसातला लाईट गेली. इन्व्हर्टर नवा नव्हता, त्याने अर्ध्या तासात हात वर केले. लॅपटॉपवर ९३ होते. ब्राइटनेस उतरवला, एक्सेलच्या नको त्या फाइली बंद केल्या, पाचही भरली. शेवटची पावती उतरवून घेतली तेव्हा ५८ शिल्लक होते आणि लाईट अजून आलेली नव्हती. मी गच्चीवर जाऊन बसलो.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. बाबा सकाळी सहाला उठतात, पुढच्या खोलीत येऊन देवाला दिवा लावतात आणि जाता जाता लॅपटॉपचं झाकण उघडून बघतात. ऐंशी दिसतात. मग चार्जरची पिन काढून पुन्हा घट्ट बसवतात, बोर्डाचं बटण दोनदा चालू-बंद करतात आणि मला उठवायला येतात.

“अरे, तुह्यं चार्जर गेलं वाटते. ऐंशीच्या पुढं जाऊनच नाही राह्यलं.”

मी दहा वेळा समजावलं. ते मान डोलावतात. मग इन्व्हर्टरपाशी जाऊन पाण्याची पातळी बघतात.

परवा मुलीने टचपॅडच्या बाजूला पिवळी चिठ्ठी चिकटवली: ‘आजोबा, ८० म्हणजे फुल.’ बाबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि चार्जरची पिन पुन्हा एकदा घट्ट बसवली.